नावाडणीच्या पायाखालची फळी

"जादू कुठाय?" साहेबांनी विचारलं.

पडद्यावरचा शॉट संपून खोलीत अंधार झाला होता. रोज सकाळी सगळ्यांनी या खोलीत जमायचं आणि आदल्या दिवशीचं काम मोठ्या पडद्यावर बघायचं, अशी तिथली पद्धत. शॉट एकदा संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो, पुन्हा संपतो, पुन्हा सुरू होतो. डायरेक्टरनं "पुढचा" म्हटलं की समजायचं, पास झाला. तोवर तो शॉट घाण्याला जुंपल्यासारखा फिरत राहतो. त्या दिवशी साहेबांनी हात वर करून मशीनच थांबवायला लावलं.

"कुठाय म्हणजे?" ताई म्हणाली. "आत्ता झाली की."

"कधी?"

"बाईनं दोराला हात लावला. बुडती नाव वर आली. लोक वाचले."

"ते दिसलं हो. पण नाव वर का आली? भरती आली म्हणून?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. साहेब म्हणजे मालिकेचे निर्माते. माणूस वाईट नव्हता. खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या, समोर येईल त्याच्या हातावर एक ठेवणार. फक्त आपल्याला जे कळलं नाही ते जगात कुणालाच कळणार नाही, अशी त्यांची खात्री होती; आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा ती खरी निघायची.

"तो निळा कुठे गेला?" ते म्हणाले. "हातातून उजेड निघायचा, दोरावरून सळसळत जायचा, सगळी नाव उजळायची. अंगावर काटा यायचा माझ्या! तो का काढलात?"

"तो तात्पुरता होता साहेब."

"मग कायमचा करा."

ताई भिंतीला टेकून उभी होती. त्या खोलीत ती कधी बसायची नाही. खुर्च्यांचे हात तिच्या कमरेत रुतायचे. "मी अडकले तर मला काढायला बजेट नाही," असं ती स्वतःच सांगून मोकळी व्हायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते म्हणायची संधीच उरायची नाही. अंगानं थोराड, बोलायला फटकळ, आणि एकदा नाही म्हणाली की ठोकलेल्या खुंट्यासारखी. पाठीमागे सगळे तिला खुंटाताई म्हणत. तिला ते माहीत होतं. एकदा वाढदिवसाच्या केकवर कुणीतरी चुकून तेच नाव घातलं, तर तिनं आधी "खुंटा"च कापून खाल्ला.

मालिका एका कादंबरीवरून चालली होती. नदीकाठची एक नावाडीण, तिच्या हातात जादू. पण ती जादू कशी, तर भार उचलण्याची. या कादंबरीतला नियम असा की भार कधी नाहीसा होत नाही; एकाच्या अंगावरून काढला की तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. नावाडीण ज्याला हात लावील त्याचं वजन तिच्या अंगात उतरतं. ना मंत्र, ना धूर, ना उजेड. ते वजन मग सावकाश जमिनीत झिरपतं, पण दर वेळी थोडं अंगातच राहतं. असं साठत साठत शेवटच्या भागात, पुरातून अख्खी वस्ती वर उचलून धरताना, ती बाई स्वतः नदीच्या तळाशी जाते. पोहता येत असून जाते. सगळी गोष्ट त्या एका बुडण्याकडे चाललेली.

ही जादू पडद्यावर दिसेल अशी करायची, हे ताईचं काम. चित्रीकरण झालेल्या दृश्यांवर तिच्या हाताखालची माणसं संगणकावर काम करायची: न वाकलेली फळी वाकवायची, न हललेलं पाणी हलवायचं.

आता तो निळा. तो पापड तिनंच लाटला होता. सुरुवातीला दृश्यं जोडताना एडिटरला कळत नव्हतं की बाईची जादू नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते. "ताई, काहीतरी खूण टाक ना. काहीही टाक." मग ताईनं खूण म्हणून नावाडणीच्या हातात निळा उजेड टाकला. अशा खुणेवर आडवं मोठ्या लाल अक्षरात 'तात्पुरतं' असं लिहायचं, हा या धंद्यातला साधा शिरस्ता. एडिटर म्हणाला, ती अक्षरं डोळ्यांत खुपतात, सीन बघता येत नाही, काढ. तिनं काढली. आणि दुसरं म्हणजे, खूण कशी ओबडधोबड हवी. भिंतीवर गवंडी कोळशानं फुली मारतो तशी. पण ताईला ओबडधोबड काही जमायचंच नाही. तिचा तात्पुरता निळासुद्धा असा झाला की बघतच राहावं. एडिटर महिनोन्महिने तोच बघत राहिला आणि त्याच्या प्रेमात पडला. साहेबांनी बघितला, तेही पडले. चॅनेलवाल्यांना दाखवून आले. पोस्टर छापून आलं: हात पुढे केलेली नावाडीण, आणि तळव्यात निळा गोळा, जसा काही तिनं ट्यूबलाइटच पकडलाय.

"शुक्रवारी निळ्यासकट दाखवा," साहेब उठता उठता म्हणाले आणि जाताना तिच्या हातावर एक पेपरमिंट ठेवून गेले.

ताईला वजनाचं शिक्षण कुणी दिलं नव्हतं, ते तिला जन्मजात मिळालं होतं. लहानपणी ती जिन्यावरून उतरली की खालच्या मजल्यावरची बाई छताकडे बघायची. नातेवाईक गालगुच्चा घेऊन म्हणायचे, "हिला कोण करून घेणार?" आणि तिची आई म्हणायची, "तुम्हाला विचारायला येणार नाही, काळजी नको." पुढे ती जाहिरातींसाठी चलचित्रं काढायला लागली. नाचणाऱ्या पेन्सिली, हसणाऱ्या बाटल्या. तिथे तिनं एकदा साबणाची वडी उड्या मारताना काढली. कंपनीचा माणूस म्हणाला, वडी पडताना धप्प वाटते, हलकीफुलकी करा. ताई म्हणाली, "तुमची वडी वजनाला कमी भरते का?" तो म्हणाला, अजिबात नाही. "मग पडू दे की तिला वडीसारखी." ती नोकरी गेली. पण ती वडी बघून दुसऱ्या एका माणसानं तिला शोधत येऊन काम दिलं होतं, आणि तो माणूस म्हणजे आजचा हा डायरेक्टर. या मालिकेचं विचारायला आला तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "तुझी ती साबणाची वडी मला नावाडणीत हवी."

तोच डायरेक्टर आता दुपारी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. दोन्ही हात खिशात; म्हणजे मागायला आला होता.

"ताई, थोडासा घालू या का?"

"काय?"

"निळा. चिमूटभर. फक्त बोटांच्या टोकांना."

"भाजीत मीठ घालतोयस का?"

"अगं, त्यांचंही चुकत नाहीये पूर्ण. लोक फोनवर बघणार. एवढासा पडदा, त्यात घरात गलका. फळी वाकलेली कुणाला दिसणार?"

"आणि शेवटी ती बुडते तेव्हा? तेव्हा काय सांगणार लोकांना? तोवर सात भाग तिनं हातातून दिवे काढलेले असणार. उजेडाचं वजन असतं का रे? मग बुडते कशानं? बॅटरी संपली म्हणून?"

डायरेक्टर हसला, पण खिशातून हात काढले नाहीत. "पटतंय मला. पण शुक्रवारी तू नाही म्हणालीस ना, तर साहेब काम काढून दुसरीकडे देतील. या गल्लीतच तीन दुकानं आहेत, एका सांगण्यावर निळा, हिरवा, जांभळा, हवा तो रंग देतील. मी काही करू शकणार नाही."

"तू काही करू नकोस. तू फक्त चिमूटभर म्हणू नकोस."

तो गेला. ताईनं शॉट पुन्हा लावला. चांगला होता. नाव वर येते. मग बाईच्या पायाजवळून, धक्क्याची लाकडी फळी वाकलेली, खिळे अर्धे उपटून आलेले. मग चेहरा, गाल ओघळलेले, कपाळाची शीर टरारलेली. प्रत्येक तुकडा चोख होता. तिनं ठरवलं, साहेबांना डोळे नाहीत. आणि लॅपटॉप पिशवीत टाकून घरी गेली.

घरी सासूबाई. त्यांची डावी बाजू लुळी पडून बराच काळ झाला होता. जीभ मात्र दोन्ही बाजूंनी शाबूत. नवरा इस्पितळाच्या धुलाईघरात संध्याकाळच्या पाळीला, त्यामुळे सासूबाईंना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणं, खुर्चीतून उचलून न्हाणीत नेणं, हे सगळं ताईच्या अंगावर. सासूबाईंचं म्हणणं, सून आणायला गेलो तेव्हा लोक म्हणाले केवढी ही जाडजूड. आता कळलं, देवानं क्रेन पाठवली होती.

"आई, एक दाखवते. बघून सांगा कसं वाटतं," ताईनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पुढचं मागचं काही सांगितलं नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून शॉट बघितला. परत लावायला सांगितला. परत बघितला.

"नाव बुडत होती, ती वर आली," त्या म्हणाल्या.

"हं."

"आणि त्या बाईच्या पायाखालची फळी मोडकी आहे. ठेकेदारानं पैसे खाल्ले असणार."

"आणि ती बाई काय करतेय?"

"ती? ती काय करणार? उभी आहे. बसची वाट बघितल्यासारखी."

ताईनं लॅपटॉप मिटला. साहेबांनी म्हटलेलं तिनं झटकून टाकलं होतं. पण सासूबाईंनी ना पोस्टर बघितलं होतं, ना निळा. त्यांना कुणी लाच दिली नव्हती. म्हणजे जादू खरोखरच दिसत नव्हती. गेले कित्येक दिवस ती ज्यासाठी भांडत होती, ते पडद्यावर नव्हतंच. होतं ते फक्त तिच्या डोक्यात.

"तोंड का पाडलंस? मी काय वाईट बोलले?" सासूबाई म्हणाल्या. "फळी मस्त मोडलीय."

"चला, खुर्चीत घेते तुम्हाला," ताई म्हणाली.

उचलायची तिची एक पद्धत होती. वाकायचं, त्यांचा चांगला हात स्वतःच्या मानेत घ्यायचा, दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे गुंफायचे, गुडघ्यांतून जोर लावायचा आणि "हं, आता," म्हणायचं. रोज असं करताना तिचं तोंड भिंतीकडे असायचं. आज लॅपटॉपची वायर पायात येत होती म्हणून ती उलट्या बाजूनं उभी राहिली, आणि समोर आलं कपाट, त्याच्या दाराला लावलेला उभा आरसा.

आरशात तिला दोघी दिसल्या. सासूबाईंच्या टाचा जमिनीवरून सुटल्या आणि त्याच क्षणी तिच्या स्वतःच्या टाचा चटईत रुतल्या. त्यांचे खांदे सैल पडले, तिचे ताठ झाले. त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखा निवांतपणा पसरला आणि तिच्या मानेची शीर वर आली. म्हातारी हलकी होत होती आणि सून जड होत होती. कुठे उजेड नव्हता, आवाज नव्हता. तरी जे चाललं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. कारण दोघी एकाच आरशात होत्या.

"अगं, ठेव की मला! आरशात काय रूप बघत उभी राहिलीस?" सासूबाई कानाशी ओरडल्या.

"आई, थांबा. जरा पुन्हा बसा पलंगावर."

"म्हणजे?"

"पुन्हा उचलते."

"डोकं फिरलंय हिचं," सासूबाई म्हणाल्या, पण बसल्या. तिनं पुन्हा उचललं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळेला सासूबाईही मान वळवून आरशात बघायला लागल्या, आणि म्हणाल्या, "बाई गं, मी केवढी छळते तुला!" ताई हसली, तर म्हणाल्या, "हसू नकोस, पाडशील."

दुसऱ्या दिवशी ती थेट एडिटरच्या खोलीत गेली. लहानशी खोली, दोन पडदे, एक मळकी उशी आणि वास यायला लागलेला डबा. एडिटर चष्मा डोक्यावर चढवून बसला होता.

"तू माझा शॉट तोडलायस," ताई म्हणाली.

"सुप्रभात. मी शॉट तोडतोच. त्याचाच पगार मिळतो."

"नाव एका तुकड्यात, पाय दुसऱ्यात, चेहरा तिसऱ्यात. तराजूचं एक पारडं सकाळी दाखवायचं आणि दुसरं संध्याकाळी, तर कुणाला कळणार काय कशाच्या बदल्यात गेलं? मला एकच सलग लांबचा शॉट दे. डावीकडे बाई, उजवीकडे नाव, मध्ये दोर. तोडायचा नाही."

"नाहीये."

"आहे. मी चित्रीकरणाला होते."

एडिटरनं चष्मा खाली ओढला. "एक आहे, पण तो वाया गेलेला टेक आहे. त्यात मावशींचा तोल जातो." मावशी म्हणजे नावाडणीचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटी, सेटवर सगळे त्यांना तेच म्हणत. "शिवाय चेहरा मुंगीएवढा दिसतो. नटीचा चेहरा न दाखवता सीन करायचा म्हणजे… आणि ताई, खरं सांगू? मला तो निळा आवडतो. तूच केलायस, तुलाच राग?"

"मलाही आवडतो रे. छानच झालाय. पण तो नावाडणीचा नाहीये. आधी टेक लाव."

त्यानं लावला. राखाडी आकाश, सेटवरच्या टाक्यातलं पाणी, ओला धक्का. मावशी दोर धरतात. काही क्षण काहीच नाही. मग त्यांचा उजवा गुडघा एकदम आत मोडतो, अख्खं अंग एका बाजूला झुकतं, पाय फळीवर सरपटतो, आणि त्या दोर न सोडता नेट लावून परत उभ्या राहतात. त्याच वेळी पलीकडे नाव पाण्यावर जराशी हलते.

एडिटरनं आपणहून पुन्हा लावला.

ताईनं मावशींना फोन केला. अभिनेत्रीचा फसलेला टेक तिला न विचारता वापरायचा नाही, एवढी रीत तिला होती. "मावशी, तो तोल गेलेला टेक आहे ना धक्क्यावरचा, तो घेऊ का?"

"गुडघ्याचा?" मावशी म्हणाल्या. "अगं घे की! कळ मस्तकात गेली होती माझ्या. बाकीच्यात मी अभिनय करतेय, तेवढ्यात एकट्यात नाही. पण ताई, माझा चेहरा दिसतो ना त्यात?"

"मुंगीएवढा."

"हात मेले!" "बरं, घे. पण मुंगी देखणी दिसू दे."

मग सगळी खोली कामाला लागली. ताईनं सांगितलं, नाव जेवढी वर येईल तेवढी बाई खाली जाईल. एक केसभरही इकडे तिकडे नाही आणि एक क्षणही मागे पुढे नाही. नाव वर येताना तिच्या अंगावरचा ओला काळा पट्टा पाण्याबाहेर उघडा पडत जाईल. तो पट्टा रुंदावेल तशी इकडे फळी वाकेल. मावशींचा गुडघा मोडतो तिथे फळीचा पहिला खिळा सुटेल. आधी नाही. कुणीतरी लाकडाच्या चिरफाळ्या उडवल्या, ताई म्हणाली, "बॉम्ब फुटला का? काढा." कुणी पाण्याला झळाळी दिली, म्हणाली, "ही निळ्याची मावसबहीण आहे, हाकला." स्वतः तिनं फक्त नावाडणीच्या अंगावरच्या कापडाचं काम घेतलं. वाऱ्यावर फडफडणारं ते कापड जसजसा भार येतो तसतसं फडफडायचं थांबतं आणि ओल्या गोणपाटासारखं सरळ खाली लोंबतं.

आणि गुरुवारी, घरी जायच्या आधी, तिनं आपल्या मशीनवरचा निळा पुसून टाकला. मूळ, नक्कल, सगळं. कुणाला विचारलं नाही. उद्या कुणी "चिमूटभर" म्हणालं तर चिमूट भरायला डबाच नको, एवढंच.

शुक्रवारी खोली गच्च भरलेली. साहेबांनी चॅनेलच्या एका बाईंनाही आणलं होतं. शॉट सुरू झाला. लांबूनचं दृश्य, चेहरा मुंगीएवढा. साहेबांनी नाराजीनं पेपरमिंट फोडलं, त्याचा कडकन आवाज झाला. मग बाईनं दोर धरला. काळा पट्टा पाण्याबाहेर यायला लागला, कापड फडफडायचं थांबलं, गुडघा मोडला, खिळा सुटला. नावेतले लोक हलक्या नावेत डुलत उभे राहिले आणि इकडे ती बाई दोर घट्ट धरून खाली, अजून खाली, फळीसकट पाण्याच्या दिशेनं गेली.

शॉट संपला. पुन्हा सुरू झाला. कुणी "पुढचा" म्हटलं नाही. तिसऱ्या फेरीला चॅनेलच्या बाईंनी नकळत आपले पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले.

"दिसलं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "कबूल. आता दिसलं."

ताईनं भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली.

"फार छान झालंय," साहेब म्हणाले. "आता यावर निळा घाला."

"नाही," ताई म्हणाली.

"ऐकून तर घ्या. पोस्टर गावभर लागलंय. लोक निळा बघायला येणार. बोटांना थोडा द्या, लोकही खूश, तुम्हीही खूश."

"मी नाही खूश. निळा घातला की लोक निळ्याकडे बघणार. फळीकडे, गुडघ्याकडे कुणी बघणार नाही. दिवे लावणारी बाई बुडत नाही साहेब, विझते. तुम्हाला शेवटी ती बुडलेली हवीय की विझलेली?"

"शॉट कंपनीचा आहे ताई."

"शॉट कंपनीचा आहे. निळा मी पुसलाय."

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. साहेब सावकाश वळले. "तुझ्याकडे असेल ना रे?" त्यांनी एडिटरला विचारलं.

एडिटरनं चष्मा डोक्यावर चढवला, परत खाली घेतला. "आहे," तो म्हणाला. ताईनं त्याच्याकडे बघितलं नाही. "पण तो जवळच्या शॉटसाठी केलेला. यावर बसणार नाही. नवा करावा लागेल."

"मग करा नवा. कोण करतंय?"

साहेबांनी मागच्या रांगांवरून नजर फिरवली. तिथे ताईच्या हाताखालची सगळी माणसं होती. कुणी बुटाची नाडी बांधायला घेतली, कुणी छताकडे बघितलं. एकजण म्हणाला, "मला निळ्याची ॲलर्जी आहे," आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. पण हात कुणाचा वर झाला नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "गल्लीत दुकानं पुष्कळ आहेत."

"द्या त्यांना," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि गळ्यापाशी लाल झालं होतं. "पण मग सगळंच द्या. आठही भाग. आणि करारात माझं नाव आहे, ते काढायचं असलं तर तेही लेखी द्या. मी रडत जाणार नाही. पण या शॉटवर ते लाइट लावायला मी एकालाही बसू देणार नाही, आणि बसवलंत तर मावशींना फोन करून सांगेन की तुमचा मोडका गुडघा यांनी विजेच्या माळेखाली झाकला."

चॅनेलच्या बाई हसल्या. ते हसू कुणाच्या बाजूचं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. पडद्यावर शॉट तसाच फिरत होता. नाव वर, बाई खाली. डायरेक्टर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्याचे हात खिशात नव्हते. ते त्यानं गुडघ्यांवर ठेवले होते.

"पुढचा," तो म्हणाला.

एवढ्या हळू म्हणाला, की मशीनवरच्या माणसानं मान वळवून विचारलं, "काय?"

"पुढचा लाव! पास आहे हा. असाच."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग चॅनेलच्या बाईंकडे. बाईंनी खांदे उडवले. मशीनवाल्यानं पुढचा शॉट लावला.

बैठक संपल्यावर जिन्यापाशी साहेबांनी ताईला गाठलं. पेपरमिंट दिलं नाही.

"शॉट राहील," ते म्हणाले. "डायरेक्टरनं पास केलाय, मी मोडणार नाही. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या पर्वाचं काम निघेल. त्यात तुम्ही नसाल. मला ऐकणारी माणसं लागतात."

"बरं."

"बरं काय? काही म्हणायचं नाही?"

म्हणायचं पुष्कळ होतं. घरचं भाडं, सासूबाईंची औषधं, नवऱ्याची ती संध्याकाळची पाळी. दुसऱ्या पर्वावर तिनं मनातल्या मनात बराच हिशेब बांधला होता. जिन्याचा कठडा तिनं घट्ट धरला.

"आहे ना म्हणायचं," ती म्हणाली. "सहाव्या भागात ती कोसळलेलं छप्पर उचलते. त्यातही निळा नाही. आणि सातव्यातही. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही पुन्हा पोस्टर छापून मोकळे व्हाल."

साहेबांनी खिशात हात घातला, एक गोळी काढली आणि स्वतःच्याच तोंडात टाकून खाली उतरून गेले.

ताई वर आली. तिच्या खोलीत सगळे तिच्याकडे टकामका बघत उभे होते. तिनं आपली बिनहातांची खुर्ची ओढली, बसली, आणि शेजारच्याला म्हणाली,

"बघता काय? छप्पर उघडा. खाली चार माणसं अडकलीयत."